अल्पकालीन गोधूमत्याग आणि शाकाहारी रुग्ण

"डॉक्टर, महिनाभर गहू सोडून बघू का?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुधा शाकाहारी असतो, पोटफुगी, आम्लपित्त किंवा सततच्या थकव्याने त्रासलेला असतो आणि कोणा आप्ताला ग्लूटेनमुक्त आहाराने गुण आल्याचे ऐकून आलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तरही ठरलेले असते. "बघा सोडून. ज्वारीची भाकरी खा, नुकसान तर काही नाही." आम्हीही हेच उत्तर बरीच वर्षे देत आलो. औषध नाही, खर्च नाही, शिवाय पथ्य सांगितल्याचे समाधान! प्रस्तुत लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ज्या क्रमाने आपण तो देतो तो क्रम चुकीचा आहे. ही गोष्ट आम्हांला एका रुग्णेमुळे कळली आणि आमच्या अज्ञानाची किंमत तिने मोजली, हे प्रारंभीच सांगणे उचित होईल.

२०१७ साली आमच्याकडे २६ वर्षांची एक रुग्णा आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, जन्मापासून शाकाहारी, कृश आणि पांडुर. हिमोग्लोबिन ८.४. भूक बेताची, जेवल्यावर पोट डब्ब होणे, मलप्रवृत्ती कधी द्रव तर कधी बद्ध, वारंवार तोंड येणे. पांडुरोग आणि मुळाशी अग्निमांद्य, असे निदान आम्ही दहा मिनिटांत केले. केसपेपरवर हेतूच्या रकान्यात लिहिले, 'शाकाहार, अनियमित भोजन'. नवायस लोह, पुढे धात्री लोह, सोबत दीपन-पाचन. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.९ झाले. एवढ्या औषधांनंतर अर्ध्या ग्रॅमची वाढ पाहून खरे तर आमच्या मनात शंका यावयास हवी होती. ती आली नाही. पोटफुगीची तक्रार कायम राहिली म्हणून आम्ही सांगितले, "एक महिना गहू बंद करून पाहा."

तीन आठवड्यांत तिला बरे वाटू लागले. पोट हलके झाले, मलप्रवृत्ती सुधारली, तोंड येणे थांबले. आम्हीही सुखावलो. महिना संपल्यावर तिने आपणहून पथ्य चालू ठेवले. पाच महिन्यांनी केसगळती थांबेना म्हणून ती एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी इतिहास ऐकून सीलिएक रोगाची शंका घेतली आणि रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी केली. उत्तर आले मर्यादेच्या आत. त्यांनी तिला समजावले की गहू खात असतानाच ही तपासणी विश्वसनीय असते. आता पुन्हा रोज दोन्ही वेळा गहू खा आणि सहा आठवड्यांनी या.

ते सहा आठवडे शाळेच्या वार्षिक परीक्षांत आले. दिवसाला पाच-सहा वेळा शौच, पर्यवेक्षण करताना वर्ग सोडून जावे लागणे, चार किलो वजन उतरणे, हे सर्व सोसून ती पुन्हा तपासणीला गेली. या वेळी प्रतिपिंडे मर्यादेच्या कितीतरी पट अधिक होती आणि दुर्बिणीने घेतलेल्या नमुन्यात लहान आतड्यातील रसांकुर झिजून सपाट झालेले दिसले. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा रोज चार पोळ्या खात होती. त्याच दिवशी रक्ताची एक नळी प्रयोगशाळेत पाठविली असती, तर निदान त्याच आठवड्यात झाले असते. त्या तपासणीला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. लोहकल्पांवर आणि आमच्या शुल्कावर तिने त्याहून अधिक खर्च केला होता.

यामागील शरीरव्यापार वैद्यवर्गाने नीट समजून घेणे आवश्यक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या चिवट प्रथिनामुळे, ज्यांच्यात तशी जन्मजात प्रवृत्ती आहे अशा काही व्यक्तींत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हे बीजगत घटक असल्याशिवाय हा रोग सहसा होत नाही; मात्र ते असूनही बहुसंख्यांना तो होत नाही. प्रतिपिंडे ही त्या उलटलेल्या यंत्रणेची खूण होय. ग्लूटेन बंद केले की ती हळूहळू उतरतात, रसांकुर भरू लागतात आणि रोग असूनही त्याचे पुरावे मिटत जातात. म्हणून ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावे. तपासणी करताना एकूण आयजीएचे प्रमाणही पाहावे लागते, कारण काही जणांत मुळात आयजीएच कमी असते आणि मग उत्तर फसवे येते. जो रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वीच कित्येक महिने गहू सोडून बसला आहे आणि पुन्हा खाण्यास तयार नाही, त्याच्या बाबतीत एचएलए तपासणीचा एक उपयोग आहे. ती आहारावर अवलंबून नसते, आणि दोन्ही घटक नसल्यास सीलिएकची शक्यता जवळजवळ मावळते.

"हा उत्तरेचा रोग, आपल्याकडे कुठला?" असे एका ज्येष्ठ वैद्यमित्रांनी आम्हांला विचारले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत या रोगाचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. बीजगत प्रवृत्तीत मात्र या तिन्ही प्रदेशांत मोठा फरक नव्हता. फरक होता तो गव्हाच्या सेवनात. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. आमचे आजोळ मंगळवेढ्याचे, ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाणारे. आमच्या आजीच्या घरी पोळी सणाला होत असे. आज त्याच घरातील नातवंडांच्या डब्यात रोज पोळी, मधल्या सुट्टीत बिस्किटे आणि रविवारी मैद्याचे काहीतरी असते. हा रोग आपल्या दारात नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

शाकाहारी रुग्णांच्या बाबतीत आपली फसगत अधिक होते, कारण तेथे पांडुतेचे कारण आपल्या हाताशी तयार असते. 'मांसाहार नाही, म्हणून रक्त कमी' असे म्हणून आपण मोकळे होतो. बी-१२ कमी निघाले तरी तेच. शाकाहाऱ्यांत बी-१२ची कमतरता अनेकदा आढळते हे खरेच. परंतु लोह, फोलेट आणि बी-१२ यांची कमतरता सीलिएकमध्येही आढळते. कित्येकदा अतिसारासारखे ठळक लक्षण नसते आणि चिकित्सेला दाद न देणारी पांडुता हेच एकमेव चिन्ह असते. शाकाहार हे कारण इतके सोयीचे आहे की त्याच्या आड दुसरे कारण सहज लपते. लोहकल्प योग्य मात्रेत, योग्य अनुपानासह तीन महिने देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर औषध बदलण्यापूर्वी ही तपासणी करावी, असे आमचे आता स्पष्ट मत झाले आहे. वयानुसार उंची न वाढणारी मुले आणि सीलिएक रुग्णांची सख्खी भावंडे यांनाही हेच लागू आहे.

आता काही वैद्यमित्र म्हणतील की, गहू सोडून पाहणे हा तर उपशय आहे, आणि गूढलिंग व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी हे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. यात वाद नाही. परंतु उपशयाबरोबर अनुपशयही पाहावयाचा असतो, हा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सीलिएक बालकांचा गव्हाशी असलेला संबंध उलगडला, तो याच मार्गाने. आहारातून गहू गेला की मुले सुधारत आणि गहू परत आला की ढासळत. १९५०च्या आपल्या प्रबंधात त्याने हे मांडले. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासले म्हणून तो निष्कर्ष टिकला. आपला रुग्ण मात्र गहू सोडतो, त्याला बरे वाटते, आणि तेथेच आपले संशोधन संपते.

बरे वाटले ते कशाने? ही गोष्ट आम्ही स्वतःवर पाहिली. त्या रुग्णेच्या अनुभवानंतर, आधी स्वतःची रक्ततपासणी करून (ती निर्दोष आली), २०१९च्या जानेवारीत आम्ही २१ दिवस गहू पूर्ण वर्ज्य केला. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. आम्हांला सायंकाळी पोट फुगण्याचा जुना त्रास होता. तो दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ गेला, वजन दीड किलो उतरले. चौथ्या आठवड्यात घरची पोळी पुन्हा सुरू केली, परंतु बाकी काहीच बदलले नाही. पोट फुगले नाही. पाचव्या आठवड्यात चिकित्सालयातील चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे पुन्हा सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी पोटफुगीही आली. म्हणजे गव्हावर आमचा आरोप टिकला नाही. त्या तीन आठवड्यांत आम्ही गहू सोडला होता, पण त्याबरोबर बेकरीचे पदार्थ, अवेळी खाणे, बाहेरचे तळलेले आणि अध्यशन हेही सुटले होते.

आमच्या एकट्याच्या अनुभवावर सिद्धान्त रचता येणार नाही हे उघड आहे. परंतु मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांचीही अशीच वाटचाल झाली. २०११ साली त्यांना सीलिएक नसलेल्या रुग्णांतही ग्लूटेनचा त्रास दिसला. २०१३ साली त्यांनी आधी आहारातील आंबणाऱ्या शर्करा कमी केल्या आणि मग ग्लूटेन दिले, तेव्हा ग्लूटेनचा म्हणून वेगळा परिणाम आढळला नाही. २०१८ साली नॉर्वेतील अभ्यासात तर ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनने अधिक लक्षणे उत्पन्न झाली. फ्रुक्टन गव्हात असते, तसे कांद्यात आणि लसणातही असते. तेव्हा गहू सोडून बरे वाटणाऱ्या माणसावर ग्लूटेनचा शिक्का मारून त्याला जन्मभर महागडे डबे खावयास लावणे हेही अन्यायाचेच.

या २१ दिवसांत आम्हांला दुसरीही एक गोष्ट उमगली. 'गहू सोडा' असे आपण रुग्णास सांगतो, परंतु गहू कोठे कोठे आहे हे आपल्यालाही ठाऊक नसते. पोळी सोडणे सोपे. मात्र रव्याचा उपमा खाताना तो गहूच आहे हे अनेक सुशिक्षित रुग्णांच्या ध्यानात येत नाही. शेवयांची खीर, लापशी, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, थालीपिठाची भाजणी, सातूचे पीठ, इतकेच काय पण आजारी माणसाला मऊ भातावर हमखास वाढले जाणारे मेतकूट, या सर्वांत गहू असतो किंवा असू शकतो. हल्ली शाकाहारी मंडळी प्रथिनांसाठी म्हणून सोया चाप खातात, त्यातही मैदा किंवा निव्वळ ग्लूटेन असते. पहिल्या आठवड्यात आम्ही तीन वेळा चुकलो. तिन्ही चुका मागाहून लक्षात आल्या. आमच्या सौ. म्हणाल्या, "गहू तुम्ही सोडलात, पण एका वेळी दोन पराती मलाच मांडाव्या लागतात." ज्वारीच्या पिठाला ग्लूटेनचा चिवटपणा नसतो. पीठ जुने होऊन विरी गेली की भाकरी थापताना तुटते, उकड काढावी लागते. बाजरीचे पीठ तर चार दिवसांत कडवट लागू लागते. एवढे कष्ट ज्या घरात रोज होणार नाहीत, तेथे भाकरीची जागा भात आणि साबुदाणा घेतात.

येथे शाकाहाऱ्याचे खरे नुकसान सुरू होते. गहू म्हणजे केवळ पिष्ट असा आपला समज असतो. वस्तुतः कणकेत १०० ग्रॅमला साधारण साडेदहा ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाला सहा पोळ्या, म्हणजे सुमारे १८० ग्रॅम कणीक खाणाऱ्या शाकाहारी माणसाला त्यातून जवळपास १९ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्वारीत हे प्रमाण १० ग्रॅमच्या आसपास आणि बाजरीत जवळजवळ ११ ग्रॅम आहे, त्यामुळे भाकरीवर गेलेल्याचे काही बिघडत नाही; उलट बाजरीत लोह अधिक आहे. तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात, पण सडलेल्या तांदळात तंतू आणि लोह नाममात्र. साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नाहीतच. आधीच पांडुर असलेल्या रुग्णेस आपण गहू सोडावयास सांगावे आणि तिने दोन्ही वेळा भात व एक वेळ साबुदाणा खावा, याला पथ्य कसे म्हणावे? खानदेशातील कळण्याची भाकरी ही या दृष्टीने आम्हांला फार मोलाची वाटते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्याने धान्य व द्विदल यांची प्रथिने परस्परपूरक होतात. मात्र अग्निमांद्य असलेल्यास उडीद गुरू पडतो, तेथे मुगाचे वरण अधिक बरे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि सीलिएकमध्ये अस्थिक्षयाचा धोका असल्याने तिचे स्थान विशेष आहे. खर्चाचाही विचार करावा लागतो. शिधापत्रिकेवर गहू मिळतो आणि चांगली ज्वारी बाजारात त्याहून महाग पडते. '२०२३ हे भरडधान्य वर्ष' साजरे करून गरिबाच्या घरातील हा हिशेब बदललेला नाही.

आपल्या शास्त्राच्या अंगाने होणाऱ्या एका चुकीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. गहू गुरू, स्निग्ध, बृंहण, तर यव रूक्ष आणि कफघ्न. म्हणून स्थौल्यात, प्रमेहात 'गहू बंद, जव सुरू' हा आपला नित्याचा उपदेश. त्या व्याधींत तो योग्यच आहे. परंतु तोच उपदेश आपण ग्लूटेनची शंका असलेल्या रुग्णासही देतो, आणि जवात ग्लूटेन असते! अशा रुग्णाला जवाची भाकरी देणे म्हणजे पुढच्या दाराने घालवलेल्याला मागच्या दाराने आत घेणे होय. खपली गव्हाची गोष्ट तशीच. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील हे जुने धान्य गुणांनी उत्तम आहे. पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. काही औषधी दुकानांत 'पोटाला त्रास न देणारा गहू' म्हणून तो सीलिएक रुग्णाच्या हाती दिलेला आम्ही पाहिला आहे. गव्हांकुराच्या पात्यात ग्लूटेन नसते हे खरे, मात्र कापणीत मुळाशी असलेला दाणा येण्याची शक्यता राहते. तपासणीचा कागद असल्याशिवाय ते चूर्ण अशा रुग्णास देऊ नये.

फार्मसीचालक बंधूंनी हिंगाचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. बाजारातील बहुतेक हिंग हा शुद्ध निर्यास नसून डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून बांधलेला असतो. फोडणीतील चिमटीत त्याचे प्रमाण अल्प असेल, पण औषधाचे गणित निराळे आहे. हिंग्वाष्टक चूर्णाचा समभाग पाठ धरला आणि रुग्णाने दिवसाला सहा ग्रॅम घेतले, तर त्यात पाऊण ग्रॅम हिंग जातो. त्या हिंगात निम्मा मैदा असेल, तर रोज तीस मिलिग्रॅमच्या घरात ग्लूटेन पोटात जाईल. रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने घेतल्यास सीलिएक रुग्णाच्या आतड्याला इजा होते असे अभ्यासात दिसले आहे. आणि पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा सुमारे पन्नासावा भाग. पोटफुगीसाठी आपण काय देतो? हिंग्वाष्टक! लशुनादि वटी, रजःप्रवर्तनी वटी यांतही हिंग आहे. गोळ्यांच्या बांधणीस वापरलेला स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हे वेष्टनावर बहुधा कळत नाही, 'यथावश्यक' एवढ्या शब्दात तो विषय संपतो. अगस्त्य हरीतकीच्या क्वाथात यव उकळलेला असतो, सौवीरक आणि तुषोदक ही तर यवाचीच संधाने आहेत. यवक्षाराची मात्र चिंता नको. जाळून भस्म झालेल्या द्रव्यात प्रथिन उरत नाही. आहारपदार्थांच्या बाबतीत, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे तरच 'ग्लूटेनमुक्त' म्हणता येते, असा एफएसएसएआयचा नियम आहे. आपल्या चूर्णा-गोळ्यांनाही ही कसोटी लावून पाहण्यास कोणाची हरकत असू नये.

निदान पक्के झालेल्या रुग्णाविषयी एक कठोर वाक्य लिहावे लागते. ग्रहणी आणि सीलिएक एकच असे समजून, अग्नी प्रदीप्त झाला की गहू पचेल, असे आश्वासन काही वैद्य देतात. तक्र आणि पर्पटी कल्पांनी रुग्णास आराम पडतो, भूक लागते, वजनही वाढते. आम्ही स्वतः हे अनुभवले आहे. परंतु लक्षणे शमली म्हणून आतड्यातील दाह थांबला असे होत नाही. गहू चालू राहिल्यास अस्थिक्षय, वंध्यत्व आणि क्वचित आतड्याचा कर्करोग येथवर मजल जाते. आजमितीस सीलिएक रुग्णास आयुष्यभर गहू-जव वर्ज्य, हेच त्याचे पथ्य. दळण घरघंटीवर किंवा गिरणीत गव्हानंतर नव्हे तर आधी, लाटावयाचे पीठ वेगळे, पोळपाट वेगळा, एवढी काटेकोर शिस्त त्याला लागते. 'थोडेसे चालेल' हे वाक्य वैद्याच्या तोंडून निघता कामा नये.

आमच्या चिकित्सालयात आता आम्ही क्रम बदलला आहे. गहू सोडण्याची गोष्ट निघाली की आधी तपासणीची चिठ्ठी, अहवाल येईपर्यंत नेहमीचाच आहार. अहवाल निर्दोष असेल तर तीन आठवड्यांचा त्याग, मग एक आठवडा फक्त घरची पोळी, आणि दोन्हींची नोंद वहीत. केसपेपरवर आम्ही आणखी एक प्रश्न छापून घेतला आहे: 'उपवासाच्या दिवशी पोट कसे असते?' एकादशी, चतुर्थी, नवरात्र करणारा शाकाहारी मराठी माणूस वरई, राजगिरा, शिंगाडा खाऊन नकळत गव्हाविना राहतो. एका-दोन दिवसांनी प्रतिपिंडे उतरत नाहीत, त्यामुळे तपासणी बिघडत नाही, आणि उपशयाची माहिती मात्र आयती मिळते. साबुदाण्याने आणि शेंगदाण्याच्या कुटाने ज्यांचे पित्त वाढते त्यांचे उत्तर फसवे येते, एवढे लक्षात ठेवावे. त्या शिक्षिकेला आम्ही हा प्रश्न फार उशिरा विचारला. ती म्हणाली, "नवरात्रात मला नेहमीच बरे वाटायचे. मला वाटे, देवीची कृपा." तिचे हिमोग्लोबिन आता बारावर आहे.

ज्या तीन फार्मसींची औषधे आम्ही नित्य वापरतो त्यांना आम्ही हिंग व स्टार्च यांविषयी पत्रे लिहिली. दोघांचे उत्तर आले, एकाचे अद्याप नाही. ज्या फार्मसीचालकांना आपल्या औषधांतील हिंगाचा प्रकार आणि बांधणीद्रव्ये कळवावयाची असतील, त्यांनी ती त्रैमासिकाच्या संपादकांकडे लेखी पाठवावीत. वैद्यांच्या टेबलावर ठेवता येईल अशी यादी तयार करण्याचे काम आम्ही करू.